धार्मिक विद्यापीठातून बीएस्सी नर्सिंग: चार वर्षांचा हिशोब, साडेतीन स्टार

आधी ज्या प्रश्नासाठी तुम्ही हे उघडलंय त्याचं उत्तर देऊन टाकतो. नाही, धर्म बदलायला लावत नाहीत. निदान मला तरी चार वर्षांत कोणी बाजूला घेऊन काही विचारलं नाही, आणि मी तर ख्रिस्ती नाहीच, खरं सांगायचं तर कुठल्याच देवाशी माझं फारसं बोलणं नाही. ॲडमिशन घेतली तेव्हा घरच्यांना हीच एक भीती होती आणि मला भीती होती ॲनाटॉमीची. माझी खरी निघाली.

विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारीपण आहेत आणि ज्यांनी शिकवलं त्यातल्या दोघीतिघींबद्दल मनात खूप आदर आहे, त्यांना उगाच त्रास नको. एवढं सांगतो की ख्रिस्ती धर्मसंस्थेचं विद्यापीठ, कॅम्पसवर नन्स राहतात, शिकवणाऱ्यांत पण आहेत, शेजारी त्यांचंच हॉस्पिटल आहे आणि बाकी स्टाफ आणि मुलं सगळ्या प्रकारची. आमच्या बॅचला चौसष्ट जण होते, त्यात मुलगे सात. मी त्या सातातला.

आता धर्माचा भाग किती, ते सांगतो. आठवड्यातून एकदा चॅपल, एक तास, हजेरी सक्तीची. प्रार्थना म्हणायची सक्ती नाही पण बसायची आहे. चार वर्षांत धर्माचे दोन पेपर आणि एथिक्सचे दोन. धर्माचे पेपर सोपे होते, थोडं वाचलं की पास, त्यातला एक तर जगातल्या सगळ्या धर्मांची ओळख असा होता आणि वॉर्डमध्ये त्याचा उपयोग झाला, कोणाला अंघोळ कोणी घालावी, मृत्यूनंतर शरीराला कोणी हात लावावा, कोणाला कुठल्या दिशेला तोंड करून झोपायचं असतं, हे आधीच माहीत असलं की घरच्यांशी बोलणं सोपं जातं. चॅपलचं मात्र प्रामाणिकपणे सांगतो, पहिल्या वर्षी वैताग यायचा, दुसऱ्या वर्षी सवय झाली, आणि तिसऱ्या वर्षी नाइट ड्यूटी करून आल्यावर तो एकमेव तास होता जेव्हा कोणी काही मागत नव्हतं. मी त्यात बऱ्याचदा झोपलोय. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या सिस्टरनी एकदाही उठवलं नाही, एकदा फक्त माझं घरंगळलेलं पेन उचलून परत खिशात ठेवलं होतं.

पण हे आमच्याकडचं झालं, सगळीकडे सारखं नसतं हे लक्षात ठेवा. अमेरिकेत ब्रिगम यंग विद्यापीठ आहे, मॉर्मन लोकांचं, तिथे ऑनर कोडवर, म्हणजे वागणुकीच्या नियमांवर, सही करावी लागते, दारू-तंबाखू तर सोडाच, चहा-कॉफीपण बंद. लोमा लिंडा आहे ॲडव्हेंटिस्ट पंथाचं, नर्सिंगचं शिक्षण १९०५ पासून, तिथे शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी सूर्यास्तापर्यंत सब्बाथ म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस पाळतात. तैवानमध्ये त्झू ची म्हणून बौद्ध संस्था आहे, तिनेही नर्सिंगचं कॉलेज काढलंय. प्रत्येकाचं वळण वेगळं. म्हणून धर्म कुठला ते सोडा, त्यांचं स्टुडंट हँडबुक आधी मागवा आणि सही करायच्या आधी शेवटच्या पानापर्यंत वाचा. मी वाचलं नव्हतं. कर्फ्यूचं कलम मला सामान घेऊन हॉस्टेलच्या दारात उभं राहिल्यावर कळलं.

कर्फ्यूवरून आठवलं. मुलींना आठ, मुलांना दहा. हा धर्माचा नियम म्हणून सांगितला जायचा, आमच्या बॅचमधल्या एका मुलीने धर्माच्या पेपरसाठी म्हणून सगळं वाचून काढलं आणि सरळ विचारलं की हे नक्की कुठल्या अध्यायात आहे. उत्तर मिळालं नाही, पण पुढच्या टर्मला मुलींचे साडेनऊ झाले. अशा गोष्टी होतात, कोणीतरी विचारायला लागतं बस.

नर्सिंग आणि धर्म यांचं हे नातं जुनं आहे आणि आपल्या तोंडातच बसलंय, आपण नर्सला सिस्टर म्हणतो तो शब्द नन्सचाच. पॅरिसमध्ये १६३३ साली डॉटर्स ऑफ चॅरिटी सुरू झाल्या, त्या मठात कोंडून न राहता घरोघरी जाऊन आजारी माणसांचं करायच्या, त्या काळात नन्सनी असं बाहेर फिरणं हीच मोठी गोष्ट होती. जर्मनीत कैसर्सवर्थला पास्टर फ्लीडनर यांनी १८३६ साली डीकनेस, म्हणजे चर्चतर्फे सेवा करणाऱ्या बायकांसाठी हॉस्पिटल आणि ट्रेनिंग काढलं आणि फ्लॉरेन्स नाइटिंगेल १८५१ मध्ये काही महिने तिथे शिकून आली. गंमत म्हणजे तिला स्वतःला सोळाव्या वर्षी देवाची हाक आली असं ती म्हणायची, पण १८६० मध्ये लंडनला सेंट थॉमस हॉस्पिटलात तिच्या नावाची शाळा सुरू झाली ती कुठल्याही पंथाला बांधलेली नव्हती. म्हणजे देव मनात ठेवला आणि शाळेच्या दारावरून पाटी काढली. मला हे फार आवडलं होतं, असाइनमेंटमध्ये लिहिलं तर मार्क बरे पडले, शेजारी पेन्सिलने 'विचार करण्यासारखं' असा शेरा.

आणि नाइटिंगेलच्या त्या मॉडेलमध्ये पुरुषांना जागा नव्हती हेही तिथेच कळलं. पण त्याच्या कितीतरी आधी पुरुष हे काम करत होते. स्पेनमध्ये ग्रनाडाला सोळाव्या शतकात जॉन ऑफ गॉड, आणि इटलीत कामिलस डी लेलिस, हा गडी तर आधी सैनिक आणि पक्का जुगारी, पायाची जखम बरी होईना म्हणून हॉस्पिटलात पडला आणि तिथलं एकूण प्रकरण बघून शेवटी स्वतःच आजाऱ्यांची सेवा करणाऱ्यांचा संघ काढला, त्यांच्या झग्यावर लाल क्रॉस असायचा. कॅथलिक लोक या दोघांना नर्सचे संत मानतात. सात मुलांच्या गटाला हे ऐकून किती बरं वाटलं असेल विचार करा, पहिल्या दिवसापासून 'तुम्ही डॉक्टर का नाही झालात' एवढंच ऐकत होतो आम्ही.

आता मुद्द्याचं, शिक्षण कसं आहे.

पहिलं वर्ष जड आहे, कुठेही जा जडच असतं. ॲनाटॉमी, फिजिओलॉजी, मायक्रो, बायोकेम आणि वर फंडामेंटल्स, म्हणजे नर्सिंगची मूलभूत कामं. लोकांना वाटतं नर्सिंग म्हणजे इंजेक्शन आणि बीपी. आम्हाला पहिला पूर्ण आठवडा फक्त हात धुणं आणि बेड करणं. हात साबणाने चाळीस ते साठ सेकंद, सगळ्या स्टेप्स, अंगठा वेगळा, नखांची टोकं वेगळी, आणि नंतर हाताला चमकणारी पावडर लावून अतिनील दिव्याखाली दाखवायचे की कुठे राहिलं. माझा डावा अंगठा सलग तीन दिवस चमकत होता.

फंडामेंटल्स शिकवणाऱ्या सिस्टर हा या विद्यापीठाचा खरा खजिना. साठीच्या, बारीक, आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही. त्यांनी एक प्रकार करायला लावला जो मी दुसऱ्या कॉलेजच्या मित्रांना विचारला तर कोणाकडेच नव्हता. प्रेशर अल्सरचा, म्हणजे सतत पडून राहून होणाऱ्या जखमांचा धडा सुरू व्हायच्या आधी प्रत्येकाने दोन तास बेडवर पाठीवर पडून राहायचं, हलायचं नाही, साइड रेल वर, फोन नाही, तहान लागली तर मागायची आणि समोरचा आपल्या सवडीने देणार. दोन तास म्हणजे काहीच नाही असं वाटलं होतं. पाऊण तासात टाचा दुखायला लागल्या, सव्वा तासाला माकडहाड, आणि त्यानंतर जो राग येतो ना, समोरून कोणी हसत गेलं तरी राग येतो. नंतर त्यांनी ब्रेडन स्केल शिकवली, सहा ते तेवीस स्कोअर, अठरा किंवा कमी म्हणजे धोका, आणि पेशंटला दर दोन तासांनी कूस का बदलायची हे एकालाही पाठ करावं लागलं नाही. यात देवाचं नाव एकदाही आलं नाही, पण या बाईंना हे सुचलं त्यांच्या श्रद्धेतूनच हे मला चौथ्या वर्षी कळलं, एकदा सहज बोलताना म्हणाल्या की दुसऱ्याचं दुखणं डोक्याने कळत नाही, अंगाला लावून घ्यावं लागतं.

डोस कॅल्क्युलेशनला सूट नाही. शंभरपैकी शंभर, नव्व्याण्णव आले तरी परत, आणि पास झाल्याशिवाय वॉर्डमध्ये औषधाच्या ट्रॉलीला हात लावायचा नाही. एक लिटर सलाईन आठ तासांत द्यायची, सेट मिलिलिटरला वीस थेंबांचा, तर मिनिटाला थेंब किती, म्हणजे १००० गुणिले २० भागिले ४८०, बेचाळीस थेंब. हे सोपं असतं हो, पण रात्री तीन वाजता चार बेल वाजत असताना सोपं नसतं. मी पहिल्या वेळी नापास झालो, पॉइंटच्या घोळामुळे. पॉइंटच्या आधी शून्य लिहायचंच, म्हणजे ०.५, आणि पॉइंटनंतर उगाच शून्य कधीच लिहायचं नाही, ५.० लिहिलं आणि टिंब पुसट असलं की वाचणारा पन्नास वाचतो. मी ५.० लिहिलं होतं. उत्तर बरोबर होतं, तरी नापास. तेव्हा अन्याय वाटला, आता नोकरीत दुसऱ्याचं ५.० दिसलं की माझ्याच पोटात गोळा येतो.

पोस्टिंगला पहाटे पाचला उठणं, आदल्या रात्री केअर प्लॅन, आणि केअर प्लॅन म्हणजे पेशंटपेक्षा कागद जास्त. इथे अर्धा स्टार कापतो. एका पेशंटसाठी अकरा पानं लिहून घ्यायचे, त्यात आध्यात्मिक गरजा नावाचा एक रकाना होता आणि सगळे त्यात 'पेशंट देवावर विश्वास ठेवतो' असं एकमेकांचं बघून लिहायचे. मी एकदा 'विचारलं नाही' असं खरं लिहिलं तर मार्क कापले. गंमत बघा, जो भाग या विद्यापीठाने सगळ्यात चांगला शिकवला तोच कागदावर सगळ्यात खोटा.

चांगला कसा ते आता सांगतो, कारण साडेतीनपैकी दोन स्टार याचेच आहेत.

एथिक्सचे दोन पेपर. मला वाटलं होतं प्रवचन असेल. पहिल्याच तासाला प्रश्न टाकला, कॅन्सरचा शेवटच्या टप्प्यातला पेशंट, वेदना असह्य, मॉर्फिन वाढवायचंय, श्वास मंदावण्याची भीती आहे, तुम्ही ड्यूटीवर आहात, इंजेक्शन तुमच्या हातात आहे. देणार का? वर्गात दोन तट पडले. मग डबल इफेक्ट काय असतो ते शिकवलं, म्हणजे एकाच कृतीचे दोन परिणाम, एक हवा असलेला आणि एक दिसत असूनही न हवा असलेला, हेतू वेदना घालवायचा आहे की माणूस घालवायचा. ही चर्चा तेराव्या शतकातल्या थॉमस अक्वायनसपर्यंत मागे जाते आणि पोप पायस बारावे यांनी १९५७ मध्ये डॉक्टरांसमोर बोलताना वेदनाशामक देण्याला याच अंगाने मान्यता दिली होती, शिवाय माणसाला जगवण्यासाठी वाट्टेल ते टोकाचे उपाय करणं बंधनकारक नाही हेही त्याच वर्षी सांगितलं. मला प्रामाणिकपणे धक्का बसला, मला वाटत होतं धार्मिक लोक व्हेंटिलेटर काढूच देत नसतील. आणि वर सरांनी सांगितलं की मॉर्फिन नीट मोजून हळूहळू वाढवलं तर त्याने मरण लवकर येतं हा समज बऱ्याच अंशी भीतीतूनच आलाय, त्यामुळे आधी डोस नीट शिका आणि मग तत्त्वज्ञान करा.

जेहोवाज विटनेस पंथाचे लोक रक्त घेत नाहीत, त्यावर तर तीन तास भांडण चाललं. शुद्धीवर असलेला सज्ञान माणूस नाही म्हणत असेल तर नाही, त्याची श्रद्धा तुम्हाला पटो न पटो. हे एका धर्मसंस्थेच्या वर्गात, दुसऱ्या पंथाच्या बाजूने, इतक्या ठामपणे ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

पण हाच वर्ग जिथे त्यांच्या स्वतःच्या शिकवणीला धक्का लागतो तिथे गडबडतो. कुटुंबनियोजन आणि गर्भपात हे विषय परीक्षेला येतात म्हणून शिकवले, पुस्तक उघडलं, भराभर वाचलं, मिटलं. प्रश्न विचारला की 'नंतर बघू'. त्यांच्या हॉस्पिटलात कॉपर-टी बसवत नाहीत, नसबंदी होत नाही, त्यामुळे प्रत्यक्ष बघायला मिळतच नाही, त्यासाठी दोन आठवडे बाहेरच्या सरकारी हॉस्पिटलात पाठवलं आणि तिथे आम्ही अगदीच कोरे निघालो. तिथल्या स्टाफने तोंडावर विचारलं, तुम्हाला शिकवतात तरी काय? ज्याला प्रसूती किंवा स्त्रीरोग विभागात काम करायचंय त्याने हा खड्डा धरूनच चालायचं, बाहेर जास्तीची पोस्टिंग मागून घ्या. मुलगे असाल तर अजूनच, आम्हाला लेबर रूममध्ये मोजकेच दिवस मिळाले, मी बाळाचा पहिला ॲपगार स्कोअर, म्हणजे जन्मल्याबरोबर तब्येतीला दहापैकी मार्क, दिला तो शेवटच्या वर्षी, एका मिनिटाला सात, पाच मिनिटांना नऊ, आणि मला स्वतःला त्यावेळी कोणी तपासलं असतं तर चारच्या वर मिळाले नसते.

आणि आता मरणाबद्दल. तिसऱ्या वर्षी पॅलिएटिव्ह वॉर्डला सहा आठवडे, म्हणजे जिथे आजार बरा होणार नसतो पण त्रास कमी करायचा असतो. सिसिली साँडर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटसाठीची जागा, काढलं, त्या आधी नर्स होत्या, मग समाजसेविका, मग डॉक्टर झाल्या, आणि टोटल पेन ही त्यांची कल्पना, म्हणजे दुखणं एकट्या शरीराचं नसतं, मनाचं, घरच्यांचं, पैशाचं, आणि 'माझंच असं का' या प्रश्नाचंही असतं. हे आम्ही पुस्तकात वाचलं होतंच. वॉर्डमध्ये काय झालं तर पुरुष नर्सला पेशंट ब्रदर म्हणतात, आणि आमच्या कॅम्पसवर खरेखुरे धर्मसेवक ब्रदरही होते. एका आजोबांनी मला त्यातलाच समजून हात धरला आणि म्हणाले, ब्रदर, माझ्यासाठी काहीतरी म्हणा. मला काही येत नव्हतं. मी तसंच सांगितलं, आजोबा मी त्यातला ब्रदर नाही, मी नर्सिंगवाला, पण बसतो. बसलो. वीस एक मिनिटं. मग चॅप्लेनना, म्हणजे हॉस्पिटलात पेशंटना आध्यात्मिक आधार देणाऱ्या बाईंना बोलावलं, त्या आल्या आणि मला वाटलं आता प्रार्थना, तर त्यांनी आधी खुर्ची ओढली आणि विचारलं, तुम्हाला आजवर कशाने धीर दिला? आजोबा त्यांच्या बायकोबद्दल बोलत राहिले. प्रार्थना झाली की नाही मला माहीत नाही, मी औषधांच्या राउंडला गेलो.

नंतर चॅप्लेननी आम्हाला ते चार प्रश्न नीट शिकवले, याला फिका म्हणतात, श्रद्धा कशावर आहे, ती किती महत्त्वाची आहे, सोबत कोणी माणसं आहेत का, आणि आम्ही त्याबद्दल काय केलेलं तुम्हाला चालेल. चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा असं त्या म्हणायच्या, कारण 'काही नको' हेही उत्तर असतं आणि ते ऐकून गप्प बसता यायला हवं. स्वतःहून पेशंटसाठी मोठ्याने प्रार्थना करायची नाही ही त्यांची सक्त ताकीद होती, बॅचमधल्या एका अति उत्साही मुलाला यावरून चांगलंच झापलं होतं. आजारी माणूस पळून जाऊ शकत नाही, हे त्यांचं वाक्य.

आजोबा गेले तेव्हा माझी ड्यूटी होती. फंडामेंटल्सच्या सिस्टर योगायोगाने राउंडला होत्या, म्हणाल्या चल, आपण दोघं करू. शरीर धुताना त्या आजोबांशी नाव घेऊन बोलत होत्या. आता डावा हात पुसते हं. आता कुशीवर वळवतोय तुम्हाला. मी अवघडलो होतो, मग तिसऱ्या-चौथ्या वेळी माझ्याही तोंडून आपोआप निघालं, आजोबा, चादर बदलतो. त्याबद्दल आम्ही नंतर काहीच बोललो नाही. आज नोकरीत माझ्यासोबतचे लोक कधी कधी विचित्र नजरेने बघतात पण ती सवय गेलेली नाही.

हे लिहिल्यावर आता वाईट लिहायला हात जड होतोय पण लिहायलाच हवं.

'सेवा' हा शब्द. या चार वर्षांत तो इतक्या वेळा ऐकला की शेवटी शेवटी अंगावर यायचा. ज्या शब्दातून ते वरचं सगळं आलं त्याच शब्दाने आमची तोंडंपण बंद केली जायची. विद्यार्थी वॉर्डमध्ये शिकायला असतात, स्टाफच्या संख्येत धरायचे नसतात, हे साधं तत्त्व आहे. आमच्याकडे स्टाफ कमी पडला की विद्यार्थी. दुसऱ्या वर्षी मी सलग आठवडाभर फक्त नमुने लॅबला पोचवणं आणि बेड करणं केलंय, शिकवायला कोणी नाही, लॉगबुकवर मात्र सही. तक्रार घेऊन गेलो तर उत्तर काय, ही नोकरी नाही, ही सेवा आहे, सेवेत तास मोजत नाहीत. अहो मोजतात! युरोपियन युनियनच्या नियमात नर्सच्या शिक्षणाचे तास मोजूनच लिहिलेत, निदान ४६००, त्यातले किमान निम्मे प्रत्यक्ष क्लिनिकल, आणि तेही शिकण्याचे तास, ट्रॉली ढकलण्याचे नव्हेत.

बॅचमधली एकजण ड्यूटीवर चक्कर येऊन पडली, दोन दिवसांत तिसरी डबल शिफ्ट. तिला समुपदेशनाला पाठवलं आणि तिथे सांगितलं की ही तुझी परीक्षा आहे. परीक्षा कसली, झोप झाली नव्हती तिची.

आणि माझं स्वतःचं, सुई टोचली. वापरलेली सुई, कॅप परत लावायला गेलो, जे करायचं नसतं हे मला पाठ होतं. साबण-पाण्याने धुतलं आणि इनचार्जना सांगितलं तर पहिली प्रतिक्रिया, उगाच गाजावाजा नको, देवाच्या कृपेने काही होणार नाही. मी त्या क्षणी ऐकलं असतं. मायक्रोच्या मॅडम, ज्या ना नन ना त्या धर्माच्या, त्यांनी हाताला धरून कॅज्युअल्टीत नेलं, पेशंटचं रक्त तपासायला लावलं, रिपोर्ट लिहायला लावला आणि म्हणाल्या की एचआयव्हीचं औषध घ्यायचं तर जितकं लवकर तितकं बरं, बहात्तर तासांनंतर उपयोग नाही, तेव्हा कृपा वगैरे त्यानंतर बघू. पेशंट निगेटिव्ह निघाला, हेपटायटिस बीचे तिन्ही डोस माझे झालेले होते. पण तो रिपोर्ट लिहिला म्हणून पुढचे दोन महिने वॉर्डमध्ये माझ्याशी जे तुटक वागले ते विसरलो नाही. यासाठी पूर्ण एक स्टार कापलाय.

डिग्रीला बाहेर किंमत आहे का, हे विचारतात बरेच जण. आहे. नोकरी देणारा धर्म बघत नाही, नर्सिंग कौन्सिलची मान्यता आणि लायसन्स बघतो, त्यामुळे जिथे काम करायचंय तिथल्या कौन्सिलच्या यादीत कॉलेज आहे ना हे ॲडमिशनच्या आधी स्वतः तपासा, माहितीपत्रकावरचा शिक्का बघून थांबू नका. अमेरिकेला जायचं असेल तर एनक्लेक्स ही लायसन्सची परीक्षा द्यावी लागते, ८५ ते १५० प्रश्न, कॉम्प्युटर तुमच्या उत्तरांप्रमाणे पुढचा प्रश्न ठरवतो, आणि तिथे प्रायॉरिटीचे प्रश्न फार, चार पेशंटपैकी आधी कोणाकडे जाल, त्यात आमचे लोक बरे पडले कारण चार पेशंट एकट्याने सांभाळायची सवय दुसऱ्या वर्षापासूनच लावली होती, आता ती कशी लावली ते वर लिहिलंच आहे. फीच्या पत्रकात नसलेला खर्च धरून चाला, युनिफॉर्म, बूट, स्टेथोस्कोप, लसी, पोस्टिंगला ये-जा. स्कॉलरशिप उदार आहे पण तिला बाँड जोडलेला असू शकतो, पास झाल्यावर इतकी वर्षं त्यांच्याच हॉस्पिटलात, ते पान नीट वाचा.

घ्यावी का ॲडमिशन? पॅलिएटिव्ह, म्हाताऱ्या माणसांची काळजी, आयसीयू, कम्युनिटी यात जायचं असेल तर मी हो म्हणेन. प्रसूती आणि स्त्रीरोग हेच डोक्यात असेल तर दुसरीकडे बघा. तुम्ही पटकन दबणाऱ्यातले असाल, मोठ्यांनी काही म्हटलं की मान डोलवणाऱ्यातले, तर जरा विचार करा, कारण तिथे तुम्हाला अगदी गोड आवाजात दबवतील आणि तुम्हालाच अपराधी वाटेल.

ओपन डेला गेलात तर चॅपल दाखवतील, सुंदर असतं, बघा. मग स्किल्स लॅब कुठे आहे विचारा आणि तिथल्या पुतळ्याचा इंजेक्शन द्यायचा हात उचलून कोपराच्या आतली बाजू बघा. कातडी गुळगुळीत नवीकोरी असेल तर तिथे मुलं फक्त बघतात. आमच्याकडच्या हाताची चाळण झाली होती, शिरेतून लाल पाणी गळायचं, दर टर्मला नवी कातडी चढवायला लागायची.